पाठ दाखवायची नाही

आमच्या देवासला एक गृहस्थ रोज संध्याकाळी उलटे चालत घरी जायचे. अगदी घरापर्यंत नव्हे. बालमंदिराच्या फाटकापासून हलवायाच्या दुकानाच्या वळणापर्यंत. तोंड फाटकाकडे, पाठ रस्त्याकडे, डोक्याला जुनी लाल पगडी, हातात चंदेरी काठी आणि पावलं मागे मागे. सायकलवाले घंटी वाजवून कंटाळायचे. म्हशी मात्र बाजूला व्हायच्या, आणि देवासच्या म्हशी कलेक्टरसाठीसुद्धा हलत नसत. वळण आलं की हे गृहस्थ थांबायचे, फाटकाकडे पाहून कमरेत वाकून मुजरा करायचे आणि मग चारचौघांसारखे सरळ चालू लागायचे. मुजरा कुणाला, तर फाटकाच्या गजांना नाक लावून उभ्या असलेल्या एका चार वर्षांच्या पोरीला.

त्यांचं नाव सुभानराव. आम्ही एकाच बालमंदिरात होतो. म्हणजे मी मुलांना शिकवत असे आणि सुभानराव मला. मला शिकवून घ्यायची फारशी हौस नाही, त्यामुळे आमचं पटायला वेळ लागला.

सुभानराव मूळचे दरबारचे चोपदार. ज्यांनी संस्थानं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते: राजा यायला-जायला निघाला की पुढं उभं राहून खणखणीत आवाजात तशी पुकार करायची, एवढंच चोपदाराचं काम. आमच्या गावाला राजेही दोन. एक थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या शाखेचा, एक धाकट्या पातीचा. गाव एक, बाजार एक, आणि दरबार दोन. सुभानराव थोरल्या पातीचे, आणि ही गोष्ट ते ओळख होण्याच्या आधीच सांगून टाकत. पुढं विलीनीकरण झालं, दोन्ही दरबार उठले, चांदीचा चोप, म्हणजे हातातली दरबारी काठी, जमा करून घेतला गेला आणि सुभानराव आपला आवाज घेऊन घरी बसले.

दोनेक वर्षांनी राजाच्या घोड्यांची जुनी पागा बालमंदिराला मिळाली. पागेबरोबर घोड्यांना पाणी पाजायचा एक दगडी हौद मिळाला, एक कडुलिंब मिळाला, भिंतीतल्या लोखंडी कड्या मिळाल्या आणि शिपाई म्हणून सुभानराव मिळाले. पहिल्याच दिवशी ते पगडी घालून हजर झाले. हातात वेळूची काठी होती आणि तिला चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद गुंडाळला होता. आमच्या मुख्याध्यापिका मोघेबाई म्हणाल्या, अहो, इथं घंटा वाजवायची आहे आणि माठ भरायचे आहेत. सुभानराव म्हणाले, भरतो. माठ त्यांनी रोज भरले, पण पगडी उतरवून ठेवली नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. जुलैत नवी मुलं यायची. ज्यांनी बालमंदिरातला जुलै पाहिला नाही त्यांना रडणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. आईला सोडून राहायची कुणालाच सवय नव्हती, पोरांना नाही आणि आयांनाही नाही. त्यावर आयांनी एक युक्ती काढली होती. पोराच्या हातात बत्तासा द्यायचा, "ते बघ, झाडावर खारूताई" म्हणायचं, आणि पोर वर बघत असताना पदर सोडवून पळायचं. पोर वळून बघतं तर खारूताई नाही आणि आईही नाही. मग ते जे सुरू होई ते थेट चामुंडेच्या टेकडीवर ऐकू जात असे. दुसऱ्या दिवशी ते पोर आईचा पदर हातालाच बांधून घेऊन यायचं. त्या वर्षी आमच्याकडे खारीला पाहून किंचाळणारीही एक-दोन मुलं होती.

मोघेबाईंचं म्हणणं, दोन-चार दिवस रडतात, मग सवय होते. मी इंदूरला वर्षभर प्रशिक्षण घेऊन आले होते, पण तिथं आम्हाला लाकडी ठोकळे कसे मांडायचे हे शिकवलं होतं, रडणारं पोर कुठं मांडायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. सुभानरावांना मुलांच्या मनाबिनाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांच्या मते इथं रोज उघडउघड बेअदबी चालली होती.

एका सकाळी वकिलांच्या मुळेवहिनी आपल्या बाळूला खारूताई दाखवून लगबगीनं निघाल्या, तर फाटकात चंदेरी काठी आडवी.

"आस्ते कदम, वहिनीसाहेब," सुभानराव म्हणाले. "रुखसत घेतली?"

वहिनींना आधी कळेचना. कुणाची रुखसत? सुभानरावांनी काठीनंच बाळूकडे दाखवलं. मग त्यांनी तिथंच दरबाराचा शिरस्ता समजावला. गादीवर मूल बसलेलं असलं तरी पांढऱ्या मिशीचा सरदारदेखील तोंडानं निरोप घेतो, आणि तोंड गादीकडे ठेवून, मागे सरत सरत बाहेर पडतो. गादीला पाठ दाखवायची नाही. न सांगता दरबारातून सटकतो तो एकच माणूस, आणि तो म्हणजे चोर. वहिनी संतापल्या. तुम्ही शिपाई आहात, शिपायासारखे राहा, मी ह्यांना सांगते, असं बरंच बोलल्या. सुभानराव म्हणाले, जरूर सांगा, वकीलसाहेब आले तर त्यांनाही असंच जावं लागेल.

काठी काही हटली नाही. शेवटी वहिनी पाय आपटत परत गेल्या, बाळूला म्हणाल्या, "मी घरी जाते, चार वाजता न्यायला येते," आणि उलट्या निघाल्या. बाळूनं जो गळा काढला तो रोजच्यापेक्षा दुप्पट. वहिनी त्याच्याकडे बघत बघत मागे सरत होत्या आणि मागे होता हौद. त्या नऊवारीसकट हौदात बसल्या. आणि बाळू रडायचा थांबला. आई हौदात बसते हे त्याला नवीन होतं. सुभानरावांनी हे आपल्या पद्धतीचं पहिलं यश मानलं.

गावात गवगवा झाला. आज्या येऊन भांडल्या. हा मेला चोपदार चांगल्या सवाष्ण बायकांना भुतासारखं उलटं चालवतो, म्हणाल्या. सुभानरावांनी शांतपणे विचारलं, टेकडीवर देवीचं दर्शन घेऊन निघता तेव्हा पाठ दाखवून निघता का हो मायबाई? देवीच्या गाभाऱ्यातून त्या सगळ्या जन्मभर मागे सरत सरतच बाहेर पडत आल्या होत्या. देवीला पाठ नको आणि लेकराला चालते, हे कुठल्या पोथीत आहे ते आणून दाखवा, असं सुभानरावांनी त्यांना सांगितलं. पोथी कुणी आणली नाही. पुढच्या आठवड्यापासून आया उलट्या चालू लागल्या आणि हौदावर मोघेबाईंनी फळ्या टाकून घेतल्या.

नुसतं उलटं चालून भागत नसे, पुकारही होत असे. बायकांची नावं रस्त्यात घ्यायची म्हणजे आफत, म्हणून सुभानरावांनी त्यांना मुलांची नावं दिली. "आस्ते कदम, निगाह रखो. बाळूमहाराजांच्या मातोश्रींची स्वारी घरी जाऊन चार वाजता परत येत आहे हो." प्रत्येक आईची अशी पुकार. चार वाजता पुन्हा: "बाळूमहाराज, मातोश्रींची स्वारी दाखल." आणि जिला उशीर झाला तिच्यासाठी चारच्या ठोक्यानंतर भर रस्त्यात, "बोललेली वेळ टळली आहे हो." त्या एका वाक्यानं नळावरच्या गप्पा अर्ध्या झाल्या. बाई घागर तशीच टाकून धावत यायची.

पहिले पहिले मला यातला एक भाग मुळीच पसंत नव्हता. थोरल्या पातीच्या घरातल्या आईची पुकार लांबलचक आणि धाकट्या पातीच्या आईची नुसती "स्वारी जात आहे." मी सुभानरावांना म्हटलं, आता दोन्ही पाती संपल्या. ते म्हणाले, संस्थान संपतं बहनजी, पाती संपत नसते. या वादात माझ्यानं काही झालं नाही. धाकट्या पातीकडच्या एका शेंबड्या पोरीनं फाटकात फतकल मारली आणि माझ्या आईची पूर्ण पुकार झाल्याशिवाय तिला जाऊ देणार नाही म्हणाली. सुभानरावांनी आधी तिला मुजरा केला. मग त्यांनी पूर्ण पुकार केली. गादीचा हुकूम, दुसरं काय.

या सगळ्यानं मुलं रडायची थांबली, असं मी सांगणार नाही. पहिले आठ-दहा दिवस तर जास्तच रडली, कारण आता आई जाताना दिसत होती. मोघेबाई मला रोज म्हणत, बघा, तुमच्या चोपदारानं काय करून ठेवलं. पण हळूहळू माझ्या एक ध्यानात आलं. रडणं होतंच, पण त्याला आता शेवट होता. आई गेली हे पोरानं डोळ्यांनी पाहिलेलं असे, चारला येणार हे कानांनी ऐकलेलं असे. मग थोडं रडून ते नाक पुसायचं आणि ठोकळे मांडायला बसायचं. दिवसभर दाराकडे बघत बसणं बंद झालं. दार बघायला सुभानराव होते ना.

मग नलू आली.

नलूचे वडील दत्तोबा मोटारस्टँडवर तिकिटं फाडत. सकाळी सायकलच्या दांडीवर बसवून ते तिला सोडून जात, आणि न्यायला मात्र शेवटची मोटार सुटल्यावर येत. तोवर ती माझ्याजवळ थांबायची. मी पागेतल्याच एका खोलीत राहत असे. नलू रडत नव्हती. रडत असती तर बरं झालं असतं. ती ज्याचं बोट धरायची ते सोडायचीच नाही. पाणी प्यायला निघालं तरी पाठोपाठ. जेवताना एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात माझा पदर. आणि दर थोड्या वेळानं एकच प्रश्न: उद्या कधी येतं?

दत्तोबांना विचारलं तेव्हा कळलं. तिची आई छातीच्या दुखण्यानं इंदूरच्या दवाखान्यात होती. किती महिने राहावं लागेल ते डॉक्टरही सांगत नव्हते. पोर झोपेत असतानाच तिला नेलं, आणि नलूला सांगितलं, आई कुक्षी गावाला मामाकडे गेली आहे, उद्या येते. तेव्हापासून दत्तोबा रोज तिला हेच सांगत होते.

हे ऐकताना सुभानराव जवळच माठ भरत होते. ते इतके चिडले की पाणी सांडलं.

"खोटी पुकार?" ते दत्तोबांना म्हणाले. "रोज?"

दत्तोबा गरीब माणूस. म्हणाले, चार वर्षांचं पोर, खरं सांगून तिला काय कळणार, दादा? सुभानराव म्हणाले, राजा येत नसताना येतो म्हणून पुकारलं, तर त्या चोपदाराची पगडी जात असे. एकदा खोटी निघाली की मग त्याच्या खऱ्या पुकारीलाही कुणी उठून उभं राहत नाही. गादीला वाईट खबर द्यायची असते, खोटी द्यायची नसते. मी मध्ये पडले. असं कसं एकदम सांगायचं, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सायकलच्या पुढं काठी आडवी धरून उभे राहिले. दत्तोबांची मोटार सुटायची वेळ झाली होती आणि सुभानरावांना ते ठाऊक होतं.

शेवटी दत्तोबा खाली उकिडवे बसले आणि त्यांनी नलूला सांगितलं. आई मामाकडे नाही, दवाखान्यात आहे. उद्या येणार नाही. बरी झाली की येईल, पण कधी ते मलाच माहीत नाही. नलू ऐकत होती. चार-आठ दिवसांत ती आमच्या दरबाराची रीत शिकली होती. तिनं एवढंच विचारलं:

"पाठ दाखवून गेली?"

दत्तोबांना प्रश्न कळला नाही. मी सांगितला. ते थोडा वेळ आठवत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा बदलला.

"नाही गं," ते म्हणाले. "टांग्यात मागच्या बाजूला बसली होती ना ती. टांगा वळेपर्यंत तोंड आपल्या घराकडेच होतं तिचं."

टांग्यात मागे बसणाऱ्याचं तोंड मागेच असतं, हे देवासच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी कुणाला ते सुचलं नव्हतं. सुभानरावांनी काठी बाजूला केली. "मग बेअदबी नाही झाली," ते नलूला म्हणाले. "कायदेशीर गेली आहे. आली की पहिली पुकार माझी. आल्याशिवाय मी पुकारणार नाही, आणि मी पुकारल्याशिवाय ती आत यायची नाही."

त्या दिवशी नलू पहिल्यांदा रडली. पोटभर रडली, आणि मग माझा पदर सोडून जेवली. मला त्या दिवशी सुभानराव फार आवडले, आणि हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते डोक्यावर बसले असते.

पण दिवस काही सारखे नसतात. थंडीत शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर आले, ग्वाल्हेरकडचे. सगळं पाहिलं, ठोकळे पाहिले, गाणं ऐकलं, खूश झाले, आणि घड्याळ पाहून तरातरा फाटकाकडे निघाले. मोघेबाईंचं लक्ष त्यांच्यावर, माझं लक्ष सुभानरावांवर. मला पुढचं दिसत होतं आणि मी काही केलं नाही, कारण मलाही ते पाहायचं होतं.

काठी आडवी झाली. "साहब, पीठ दिखाने की नहीं."

साहेबांनी विचारलं, यह क्या तमाशा है. सुभानरावांनी आपल्या हिंदीत दरबाराचा शिरस्ता सांगायला घेतला. मुलं रांगेत उभी राहून साहेब उलटे कसे चालतात ते पाहायला अगदी उत्सुक झाली होती. साहेबांनी काठी हातानं ढकलली, चंदेरी कागद टराटरा फाटला आणि साहेब पाठ दाखवून जीपमध्ये बसले. बसण्याआधी मोघेबाईंना म्हणाले, देश में प्रजातंत्र आ गया है और आप बच्चों को दरबार सिखा रही हैं. त्या चोपदाराची जागा आता रद्द समजा.

मोघेबाई वाईट नव्हत्या. त्यांना बालमंदिर टिकवायचं होतं, आणि ते सोपं नव्हतं. महिनाअखेरपर्यंतच या, असं त्यांनी सुभानरावांना सांगितलं तेव्हा त्यांना स्वतःला वाईट वाटत होतं. सुभानरावांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "नलूची आई आली नाही अजून."

शेवटच्या दिवशी मुलं जेवायला बसली होती. नलू खरकट्या हातानं माझ्याकडे आली आणि म्हणाली, "चोपदारबाबा पाठ दाखवून गेले." मी म्हटलं, कुठं? तिनं मागच्या बाजूला बोट केलं. पागेला मागे एक बारकं दार होतं, पूर्वी घोड्यांची लीद बाहेर टाकायचं. ज्या माणसानं सबंध गावाला निरोप घ्यायला शिकवलं, तो लिदीच्या दारातून निसटला होता.

मला जो राग आला तो सांगता येत नाही. पदर खोचून मी निघाले तर मोघेबाई आडव्या आल्या. जाऊ द्या त्यांना, म्हणाल्या, असंच बरं आहे, मुलांना समोर त्रास नको, दोन दिवसांत विसरतील. मी म्हटलं, "मग मुलांना खारूताई दाखवू का?" आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता गेले.

राजवाड्यामागच्या बोळात सुभानरावांची एक खोली होती. एक खाट, एक चूल, खुंटीवर अंगरखा. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होते आणि त्यांचं कुणी नाही, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. ते खाटेवर बसले होते. पगडी मांडीवर होती. पगडीशिवाय ते फार लहान दिसत होते.

"सुभानराव," मी म्हटलं, "रुखसत घेतली?"

त्यांनी पगडी मांडीवर फिरवली. मग म्हणाले, "मला नाही जमत, बहनजी. सारी उमर दुसऱ्यांची पुकार केली. चोपदार निघतो तेव्हा दरबार उठलेला असतो. त्याची पुकार कोण करणार, अन् ऐकणार कोण? सवयच नाही मला. त्या पोरांच्या समोर उभा राहिलो तर मी रडीन, आणि चोपदार रडत नसतो."

मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून राग आणखी वाढला. मी त्यांना सांगितलं की बाळूही रडतो, त्याची आई हौदात पडते, तरी ते निरोप घेतात. तुम्हाला वेगळा कायदा आहे का? गादी खोळंबली आहे, उठा. त्यांनी पगडी डोक्यावर ठेवली. ती वाकडी बसली होती, पण मी काही बोलले नाही.

आम्ही आलो तेव्हा मुलं अंगणात रांगेनं उभी होती. कुणी उभी केली ते मी विचारलं नाही. मोघेबाई दारात उभ्या होत्या आणि दुसरीकडे बघत होत्या. सुभानराव मुलांपुढं गेले. "मी जातो," म्हणाले. ते खरंच रडले. मुलंही रडली. आमच्या त्या पागेत एवढं मोठं आणि एवढं उघड रडणं कधी झालं नव्हतं.

तेव्हा नलू पुढं आली. तिनं त्यांच्या हातातली काठी घेतली. काठी तिच्या दुप्पट उंच होती. ती तिनं दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "आस्ते कदम, निगाह रखो. चोपदारबाबांची स्वारी घरी जाऊन उद्या अकरा वाजता परत येत आहे हो."

तिला येत होती ती पुकार एकच, आणि त्या पुकारीचा शेवट परत येण्यातच होत असे. सुभानरावांनी डोळे पुसले. मोघेबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग काठी घेतली, मुजरा केला आणि उलटे चालत गेले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते फाटकाबाहेर उभे. मोघेबाई धावत गेल्या, म्हणाल्या, अहो, मी काय उत्तर देऊ वर? सुभानराव म्हणाले, "फाटकाच्या आत शिक्षणखातं, बाहेर म्युनिसिपालटी. मी बाहेर उभा आहे. पुकार झालेली आहे, ती खोटी पाडायची माझी मजाल नाही." म्युनिसिपालटीच्या रस्त्यावर उभं राहायला मनाई नव्हती. लग्नसराईत लोकांच्या पगड्या बांधून ते पोट भरत, आणि अकरा ते पाच रस्त्यावर बिनपगारी चोपदारी करत. इन्स्पेक्टर पुन्हा आले तेव्हा सुभानराव रस्त्यातच ताठ उभे राहिले, आणि साहेबांची जीप धूळ उडवून गेली. पाच वाजता नलू आतून गजांशी यायची आणि त्यांची पुकार करायची. ती झाली की ते उलटे निघत. तिला एखाद्या दिवशी उशीर झाला तर थांबून राहत.

होळी उलटून गेली होती. दुपारी स्टँडकडून एक टांगा आला. पुढं दत्तोबा होते, टांगेवाल्याशेजारी. मागच्या बैठकीवर, आमच्याकडे पाठ करून, एक बाई डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. दत्तोबा लांबूनच हात हलवत होते. सुभानराव रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"टांगा फिरव, भिया," ते म्हणाले. "पाठ येऊन राहिली."

टांगेवाला म्हणाला, डोकं फिरलं का बाबा? सुभानराव हटले नाहीत. मग घोडा वळेना. वळला तर मागे सरेना. पेरूवाल्याची गाडी मध्ये आली. दत्तोबा खाली उतरून चाकाला जोर लावू लागले, पेरूवाला शिव्या देत हात लावू लागला, आणि एक एक पाऊल करत तो टांगा उलटा फाटकाशी आला. मागच्या बैठकीवर नलूची आई, गज घट्ट धरून, हाडाची काडं झालेली, रडत होती आणि हसतही होती. तिचं तोंड आमच्याकडे होतं.

मग सुभानरावांनी पुकार केली. मी ती इथं लिहून दाखवू शकत नाही. तसा आवाज त्या गावात दोन्ही राजांसाठीही निघाला नसेल.

नलू पळत गेली नाही. ती सुभानरावांच्या धोतरामागे जाऊन लपली. आईचा चेहरा उतरला. सुभानराव तिला हलकेच म्हणाले, "गादीला वेळ द्या, ताईसाहेब." आम्ही सगळे उभे राहिलो. बऱ्याच वेळानं धोतरामागून एक डोळा आला, मग दुसरा, आणि मग नलूनं स्वतःच वर हात केले.

ती गेली तेव्हा मागच्या बैठकीवर आईच्या मांडीत बसून गेली. तोंड आमच्याकडेच होतं, पण ती बघत होती आईकडे. वळणापर्यंत तिनं एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. पाहायला नकोच होतं. याचसाठी तर सगळा खटाटोप केला होता.

चार वाजता मुलं गेली. पाच वाजले. मी खोलीतून पाहिलं तर सुभानराव रस्त्यावर तसेच उभे. काठीचा फाटका चंदेरी कागद बोटानं सपाट करत होते. सपाट झाला तरी करत होते. फाटकाच्या गजांशी आज कुणी नव्हतं. मला आधी वाटलं, दमले असतील. मग कळलं. त्यांना निघता येत नव्हतं.

मी चांगल्या घरातली बाई. रस्त्यात मोठ्यानं बोलू नये, हे मला तिसऱ्या वर्षी शिकवलेलं. पेरूवाला अजून तिथंच होता, हलवायाकडे गिऱ्हाईक होतं, मोघेबाई खिडकीत होत्या. मी फाटकाशी गेले, गज धरले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"आस्ते कदम, निगाह रखो. सुभानरावांची स्वारी घरी जाऊन उद्या अकरा वाजता परत येत आहे हो."

रस्ता थांबला. सुभानरावांनी मान वर केली नाही, नुसती पगडी सरळ केली. मग ते एक पाऊल मागे सरले, मग दुसरं. सायकली त्यांना वळसा घालून जात होत्या. हलवायाच्या वळणावर त्यांनी मुजरा केला, आणि ते दिसेनासे होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले.